“मॅडम, सीबीआय म्हणजे जिवाशी खेळ नाही का?”

बार्शीजवळच्या एका गावातून एक निवृत्त शिक्षक आपल्या २४ वर्षांच्या मुलीला घेऊन करिअरविषयी सल्ला घ्यायला माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी बी.कॉम. होऊन एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात काम करीत होती. सीबीआयमध्ये उपनिरीक्षक व्हायचे आहे, असे तिने घरी सांगितल्यापासून वडिलांची झोप उडाली होती. “मॅडम, छापे, गुंड, रात्री-अपरात्रीची धावपळ; हा जिवाशी खेळ नाही का?” तपास यंत्रणेत जाऊ पाहणाऱ्या मुलींच्या घरून हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो.

उत्तर देण्याआधी मी मुलीला विचारले, की आजवरच्या कामातला कोणता दिवस तुला आठवतो? ती एका दूध संस्थेच्या हिशेबाविषयी सांगू लागली. वाहतुकीचे एकच बिल क्रमांकातला एक आकडा बदलून दोन महिन्यांत दोनदा खर्ची पडले होते आणि तिने तीन दिवस व्हाउचरांचे गठ्ठे उलगडून ते शोधून काढले होते. सांगताना तिचा आवाज बदलला. वडील हे प्रथमच ऐकत होते.

मग मी वडिलांकडे वळले. “काका, ही यंत्रणा मुळात अशाच कामासाठी जन्मली,” असे मी म्हणाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारी खरेदी-पुरवठ्यातील लाचखोरी शोधण्यासाठी १९४१ मध्ये विशेष पोलीस आस्थापना उभी राहिली आणि तिच्यातूनच १ एप्रिल १९६३ रोजी सीबीआय अस्तित्वात आली. खून आणि इतर गंभीर गुन्हेही तिच्याकडे येतात, परंतु लाचखोरी आणि बँकांतील आर्थिक फसवणूक यांच्या तपासात बराचसा वेळ खातेउतारे, फायली आणि जबाब यांत जातो. लाचेचा सापळासुद्धा चित्रपटात दिसतो तसा नसतो. तक्रारीची पडताळणी होते, नोटांचे क्रमांक पंचांसमोर लिहून घेतले जातात, त्यांना फिनॉल्फ्थेलिनची पूड लावली जाते, आणि लाच घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवल्यावर ते पाणी गुलाबी झाले, की बाटलीत भरून मोहोरबंद केले जाते. यातील एक सही किंवा एक वेळ चुकली, तर बचाव पक्षाचा वकील वर्षांनंतर नेमके त्याच ठिकाणी बोट ठेवतो. अशा कामाला मुळात नोंदीतली चूक सहन न होणारा माणूस लागतो, आणि तो माझ्यासमोर बसला होता, असे मला मनापासून वाटले.

धोका अजिबात नाही, असे मी त्यांना सांगितले नाही, कारण ते खरे नाही. पण माझ्या मते या नोकरीचा खरा भार वेगळा आहे: नेमणूक आणि बदली देशात कुठेही होऊ शकते, साक्षीसाठी जुन्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा न्यायालयात उभे राहावे लागते, आणि सुरुवातीची काही वर्षे वरिष्ठांच्या हाताखाली जातात. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय सीबीआयमध्ये निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला, म्हणजे उपनिरीक्षकालाही, करता येत नाही. हे ऐकून मुलगी थोडी हिरमुसली, आणि ते तिथेच झाले हे बरे झाले.

पात्रतेविषयी बोलणे लवकर संपले. सीबीआय उपनिरीक्षकासह केंद्र सरकारच्या अनेक पदांसाठी कर्मचारी निवड आयोग सीजीएल ही एकत्रित पदवीस्तरीय परीक्षा घेतो; तिला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. उपनिरीक्षकपदासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा २० ते ३० वर्षे, महिलांसाठी उंची साधारणपणे १५० सेंटिमीटर, मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून. उंची आधी मोजून घे, असे मी प्रत्येक उमेदवाराला सांगते. ही भरली १५३. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असल्याने तिच्या इंग्रजीवर मात्र वर्षभर मेहनत आवश्यक होती. नोकरी सोडू नकोस, पहाटेचे दोन तास दे, असे मी सुचवले.

तिसऱ्या भेटीत ती पदांच्या पसंतीक्रमाचा कच्चा कागद घेऊन आली. पहिल्या क्रमांकावर सीबीआय होते, दुसऱ्यावर आयकर निरीक्षक. समासात वडिलांच्या अक्षरात एकच प्रश्न लिहिला होता: साक्षीला दुसऱ्या राज्यात जावे लागले, तर राहण्याची सोय कोण करते? जिवाचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.