टेक्सासचा पिस्तूल बाळगण्याचा परवाना न्यू जर्सीत चालतो का?

नाही, न्यू जर्सी अन्य कोणत्याही राज्याने दिलेला असा परवाना मान्य करत नाही, त्यामुळे टेक्सासचा परवाना तिथे निरुपयोगी ठरतो. कपड्यांआड पिस्तूल बाळगण्याची मुभा अमेरिकेत वाहन चालवण्याच्या परवान्याप्रमाणे देशभर लागू होत नाही, कारण याबाबत प्रत्येक राज्याचा कायदा स्वतंत्र आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षे पूर्ण झालेल्या बहुतेक पात्र व्यक्तींना परवान्याचीही गरज उरलेली नाही. न्यू जर्सीत मात्र परवान्याविना पिस्तूल जवळ असणे हा तुरुंगवासाचा गंभीर गुन्हा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाने न्यूयॉर्कची परवान्यासाठीची ‘विशेष कारण दाखवा’ ही अट घटनाबाह्य ठरवली, परंतु परराज्याचा परवाना मानण्याचे बंधन कोणत्याही राज्यावर घातले नाही, आणि नेमकी हीच बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. एक महत्त्वाचा अपवाद: प्रवासाच्या आरंभी व अखेरीस शस्त्र बाळगणे वैध असेल, तर १९८६ च्या संघीय कायद्यानुसार मधल्या राज्यातून ते नेता येते, मात्र ते रिकामे असावे आणि गोळ्यांसह गाडीच्या डिकीत, हाताला सहज येणार नाही असे ठेवलेले असावे. न्यू जर्सीत मुक्काम करणार असाल, तर या सवलतीवर विसंबू नका.