सौदीची नोकरी, दीड लाखांची मागणी

प्रश्न : मुलगा वेल्डर आहे, दहावी झालेला नाही. एजंट दीड लाख रोख मागतोय. ‘व्हिजिट व्हिसावर जाऊ दे, तिथं बदलून देऊ’ म्हणतोय. द्यावेत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात देऊ नका. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतं, तेही पावती देऊन. परवाना क्रमांक केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा. शाहूपुरीत चकचकीत बोर्ड लावला म्हणजे परवाना असतोच असं नाही. दहावी नसल्यानं मुलाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे नोकरीसाठी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा असेल. मग सौदीच्या नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागतेच आणि व्हिजिट व्हिसा म्हणजे नेमकी तीच चुकवण्याची वाट. पुढे पगार बुडाला तर दाखवायला करारही हातात नसतो, ही खरी भीती. रीतसर गेल्यास १० लाखांचा प्रवासी भारतीय विमाही (परदेशात कामाला जाणाऱ्यांसाठीचा सरकारी योजनेतला अपघात विमा) मिळतो. करारातला पगार, कामाचे तास, परतीचं तिकीट मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या.