पहिली गाडी, एल बोर्ड आणि विम्याची आकडेमोड

कॉलेजचे प्रवेश उरकले की घरोघरी पुढचा विषय गाडीचा असतो. मुलगा किंवा मुलगी अठराची झालेली, शिकायची घाई, आणि आई-वडिलांपुढे एकाच वेळी तीन कोडी: गाडी कोणती, नाव कोणाचं, विमा कसला. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

मुलीकडे लर्निंग लायसन्स आहे. घरच्याच गाडीवर शिकवताना कुठे ठोकली, तर विमा मिळतो का? एजंट म्हणतो, पक्कं लायसन्स नसेल तर काहीच मिळत नाही. (ठाणे)

एजंटचं म्हणणं चूक आहे. पॉलिसीत ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ नावाचा परिच्छेद असतो, तो काढून वाचा. चालू लर्निंग लायसन्स असलेल्या व्यक्तीनेही गाडी चालवली तरी चालेल, असं त्यात लिहिलेलं असतं. अट एकच: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ पाळलेला हवा. दावे फेटाळले जातात ते या अटीवर.

नियम ३ काय सांगतो? लर्निंग लायसन्सची मुदत संपलेली नको. ते सहा महिनेच चालतं. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी, आणि तीही गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेली. पुढे आणि मागे एलची पाटी हवी: पांढऱ्यावर लाल अक्षर, पाटी निदान १८ सेंमी बाय १८ सेंमी, अक्षर किमान १० सेंमी उंच, २ सेंमी जाड आणि तळाशी ९ सेंमी रुंद. दुकानातून स्टिकर आणलात तर आधी फूटपट्टी लावून बघा.

घोटाळे ठरलेलेच असतात. आई शेजारी बसलेली असते, पण तिचं लायसन्स फक्त स्कूटरचं. काका मागच्या सीटवर बसून सूचना देत असतात. किंवा परीक्षेच्या गडबडीत सहा महिने कधी उलटले हे कोणाच्या लक्षातच आलेलं नसतं. अशा वेळी आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे अडतात. समोरच्या जखमी माणसाची भरपाई न्यायाधिकरण बहुतेकदा कंपनीला द्यायला लावतं, पण तीच रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभाही कंपनीला मिळू शकते. स्वर्णसिंग खटल्यात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने लर्निंग लायसन्स हेही वैध लायसन्सच असल्याचं स्पष्ट केलं होतं. एजंट फारच अडून बसला तर त्याला हे सांगा.

शिकवायच्या गाडीत हँडब्रेक दोन सीटच्या मधला, दांड्याचा असावा. शेजारच्याचा हात पोचेल असा ब्रेक तेवढा एकच असतो. बटण दाबून ठेवून दांडा हळूहळू वर ओढायचा. एकदम खेचला तर मागची चाकं जाम होऊन गाडीची शेपूट फिरते. बटणावरच्या इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकला अशी बारीक ओढ देता येत नाही.

मुलगा साडेसोळा वर्षांचा आहे. सोसायटीच्या आत कार चालवू दिली तर चालेल ना? (वसई)

नाही. कारचं लर्निंग लायसन्सही अठरा पूर्ण झाल्यावरच मिळतं. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं आहे. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. गेटच्या आतला रस्ता खासगी, ही समजूत तिथे एखादं लहान मूल गाडीखाली येईपर्यंतच टिकते. दीड वर्ष थांबा.

साडेतीन-चार लाखांत जुनी गाडी घ्यायची आहे. मुलगा रोज चाळीस किलोमीटर कॉलेजला ये-जा करणार. कुठल्या सालची घ्यावी? (रत्नागिरी)

किमतीच्या आधी साल ठरवा. एप्रिल २०१९ पासून कारना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची आठवण देणारा आवाज, मागचे पार्किंग सेन्सर आणि ८० च्या पुढे वाजणारा वेगाचा इशारा सक्तीचा झाला. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग मात्र सगळ्या मॉडेलना २०२१ संपता संपता आली. म्हणून शक्य असेल तर २०२२ ची किंवा नंतरची घ्या. बजेट नाहीच पुरलं तर २०१९ च्या उत्तरार्धातली चालेल, पण मग दोन एअरबॅगचं व्हेरियंट शोधा. तेच मॉडेल तळाच्या व्हेरियंटमध्ये एका एअरबॅगचं असू शकतं. २०१५ ची मोठी सेदान त्याच पैशात मिळते म्हणून मोहात पडू नका.

सुरक्षेचे तारे बघताना चाचणीची तारीखही बघा. टियागोला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत पाचपैकी चार तारे मिळाले, त्याच वर्षी अल्ट्रोझला पाच. वॅगनआरला २०२३ मध्ये एक. मधल्या काळात, २०२२ मध्ये, चाचणीचे नियम कडक झाले; बाजूने बसणारी धडक आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) यांचा हिशेब धरला जाऊ लागला. त्यामुळे जुने चार आणि नवे चार सारखे नसतात. तरी चालकाच्या जागी पोर बसणार असेल तर आम्ही सर्व्हिसिंगच्या खर्चापेक्षा ताऱ्यांना जास्त वजन देऊ.

गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच पोचा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर स्टार्टिंगचे दोष कळत नाहीत. मग पुढच्या गोष्टी बघा.

चावी ‘ऑन’ केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. म्हणजे अपघातात फुटलेली एअरबॅग न बदलता वरून कव्हर लावलेलं असण्याची शक्यता धरा. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा. त्यांच्या कडांवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी पाना लावून खोललेले आहेत. क्लच तपासायला मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. खाचा कितीही खोल दिसल्या तरी सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, आणि कोकणातल्या पावसात ते रस्ता धरत नाही. चार टायरचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

कागदांत आरसी, मालकी बदलाचे नमुना २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा नमुना ३५. थकलेली ई-चलनं परिवहनच्या साइटवर गाडीच्या नंबरावरून दिसतात. ती विकणाऱ्याने भरल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. चालू पॉलिसीची प्रतही मागा. सहा वर्षांची गाडी सुरुवातीपासून त्याच मालकाकडे असूनही नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) शून्य दिसला, तर गेल्या वर्षी क्लेम कशाचा घेतला हे थेट विचारा.

आणखी एक. खरेदीनंतर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, भाग कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतो; ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा, येत नाही. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनसही त्याच्याबरोबरच जातो; तेवढा फरक तुम्हाला भरावा लागतो. ‘पॉलिसी अजून आठ महिने आहे, चालू दे’ म्हणत बसलात तर विमा त्याचा आणि गाडी तुमची, असा पेच होतो आणि दुरुस्तीचा क्लेम बुडतो.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची? आमच्याकडे स्वस्तात गाड्या येतात. (सांगली)

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ असते, कारण धुणारा तिथवर पोचत नाही. सीटच्या रुळांवरचा आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवरचा गंज बघा, फ्यूज बॉक्स उघडा, मागचं स्पेअर चाक उचलून खालचा खड्डा बघा. एसी बंद ठेवून, काचा लावून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास येतोच. तुमच्याकडच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांतल्या गाड्या लांबच्या शहरांत विकल्या जातात, तशा तिकडच्या इकडेही येतात. इंजिन दुरुस्त होतं. वायरिंगचे जोड मात्र वर्षभराने हिरवे पडायला लागतात, आणि एबीएसचा दिवा नेमका घाटात लागतो. घेऊच नका.

गिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक? (सातारा)

कारच्या लायसन्सवर असा फरक नसतो. ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक सोपी. पण स्वस्त ऑटोमॅटिक म्हणजे बहुतेकदा एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त गिअर यंत्र बदलतं. त्यात क्लचचं पेडल नसलं तरी आत क्लच असतोच. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरली की तोच क्लच जळतो, आणि झिजेचा खर्च विमा देत नाही. खंबाटकी घाट उतरताना मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर पकडायचा, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो. शिकायला गिअरची घ्या, हिल होल्ड (चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय) असलेली मिळाली तर उत्तम.

गाडी मुलाच्या नावावर घ्यावी की माझ्या? माझा ५० टक्के नो क्लेम बोनस त्याला मिळेल का? (पुणे)

मिळणार नाही. बोनस माणसाचा असतो, आणि तो वडिलांकडून मुलाकडे वारसाहक्कानेच जाऊ शकतो. तुम्ही जुनी गाडी विकून नवी स्वतःच्या नावावर घेतली, तर कंपनीकडून बोनस राखल्याचं पत्र घेऊन तो तीन वर्षांच्या आत वापरता येतो. जुनी ठेवून दुसरी घेत असाल तर दुसरीचा बोनस शून्यापासून.

अमेरिकेतले नातेवाईक ‘पोरगं चालवायला लागलं की प्रीमियम भडकतो’ म्हणतात, ते तिकडे खरं आहे. आपल्याकडे सर्वसाधारण पॉलिसीत चालकाचं वय मोजलं जात नाही. थर्ड पार्टीचा दर इंजिनवर ठरतो. १ जून २०२२ पासूनच्या तक्त्यात १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७, वर जीएसटी. ओन डॅमेजचा आकडा आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत), गाडीचं वय आणि झोनवर; मुंबई-पुणे अ झोनमध्ये, उरलेला महाराष्ट्र ब झोनमध्ये. म्हणजे प्रीमियमसाठी नाव बदलण्यात काही अर्थ नाही.

नावाचा खरा परिणाम वेगळ्याच ठिकाणी होतो. १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त नोंदणीकृत मालकाला असतं. गाडी तुमच्या नावावर आणि मुलगा चालवताना त्याला काही झालं, तर हे १५ लाख त्याच्यासाठी नाहीत. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा त्या गाडीच्या दृष्टीने थर्ड पार्टीही धरला जात नाही. म्हणून गाडी तुमच्या नावावर असेल तर मुलासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी आणि चांगला आरोग्य विमा घ्याच. पक्कं लायसन्स हाती आल्यावर, कर्ज नसेल तर, गाडी त्याच्या नावावर घेणं आम्हाला बरं वाटतं. बोनसची शिडीही त्याच्या नावाने चढायला लागते.

गेटला घासून बंपर फुटला. वर्कशॉप म्हणतं, क्लेम करा. करू का? (नाशिक)

आकडे मांडून बघू. समजा बिल असं आहे: बंपर ५,०००, रंग ३,०००, मजुरी १,०००. प्लास्टिकवर निम्मा घसारा (वापराने घटलेली किंमत) कापतात, म्हणजे बंपरचे २,५००. रंगाच्या एकत्रित बिलात २५ टक्के सामान धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे २,६२५. मजुरी पूर्ण. बेरीज ६,१२५. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १,०००. हातात ५,१२५.

आता दुसरी बाजू. तुमचा बोनस आज ३५ टक्के आणि बोनसआधीचं ओन डॅमेज प्रीमियम १०,००० धरा. क्लेम केला नाही तर पुढे ४५, मग ५० टक्के चालू राहतं. केला तर शून्य, २०, २५, ३५, ४५, ५० अशी शिडी पुन्हा चढायची. दर वर्षीचा फरक ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के. एकूण १२,००० रुपये, जीएसटी वेगळा. गाडी जुनी होत जाते तसं प्रीमियम उतरतं, म्हणून खरा आकडा थोडा कमी येईल. तरी ५ हजारांसाठी दहाच्या आसपास घालवणं आहेच. वर्कशॉपला क्लेम सोयीचा असतो, कारण कंपनीकडून बिल निघतं.

नव्या चालकाच्या पहिल्या वर्षात असे दोन-तीन ओरखडे येणारच. त्यासाठी १५-२० हजार बाजूला काढून ठेवा आणि खिशातून भरा. समोर कोणी जखमी झालं असेल, दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान असेल किंवा आपला खर्च पन्नास हजारांच्या पुढे जात असेल, तर मात्र लगेच कंपनीला कळवा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत एकही भाग खोलू देऊ नका.

मग झिरो डेप घ्यायचं की नाही? (छत्रपती संभाजीनगर)

झिरो डेप म्हणजे क्लेममधून घसारा न कापणारी जोड. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर घ्या. ते नसेल तर एअरबॅगवरही निम्मा घसारा लागतो. मोठ्या धडकेत दोन एअरबॅग, बंपर आणि हेडलाइट असे सगळे अर्ध्यावर येतात. वर्षाला किती क्लेम चालतात ते आधी विचारा, बऱ्याच कंपन्या दोनच देतात. सखल भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने बिघडलेल्या इंजिनासाठीची जोड) घ्या, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून बघू नका: सिलेंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते तुमच्याच चुकीचं नुकसान ठरतं. गाडी ढकलून कोरड्यावर आणायची, बॅटरीची वायर काढायची आणि टोइंगला फोन करायचा. हे मुलालाही आधीच सांगून ठेवा, कारण पाणी भरेल तेव्हा गाडीत तोच असेल.