पश्चिमेच्या गॅलरीला भुलू नका

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे वर्ध्याचे, पण गेली बावीस वर्षं शिमल्यात आहोत. येत्या सप्टेंबरात हे केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होतील. माझे दोन्ही गुडघे थंडीत आखडतात आणि बर्फ पडला की उतारावर पाय टाकायची भीती वाटते. यांना ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. उबदार गावी जायचं हे पक्कं आहे. पुणे, रत्नागिरी आणि नागपूर अशी तीन नावं डोळ्यांपुढे आहेत. डिसेंबरात भाचीच्या लग्नाला नागपूरला आलो, आठ दिवस राहिलो आणि मन तिथेच अडकलं. बेसा भागात सातव्या, म्हणजे अगदी वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट बघितला. पश्चिमेला मोठी गॅलरी आहे, दुपारभर घरात ऊन असतं. शिमल्यात अशा उन्हासाठी आम्ही आसुसलेले असतो. टोकन द्यावं का?
— एक वाचक, शिमला

उत्तर : ताई, टोकन देऊ नका. त्या फ्लॅटसाठी तर मुळीच नको.

तुमचं पत्र वाचताना मला आमचं २००९ साल आठवलं. अकरा वर्षं शिलाँगला काढून आम्ही जानेवारीत नागपूरला आलो. घर दाखवणाऱ्याने दिवाणखान्याचे पडदे सारले आणि चार वाजताचं ऊन थेट आत आलं. शिलाँगला आमच्या भिंतींना बुरशी यायची, पांघरुणं वाळायची नाहीत. सासरे त्या उन्हात फरशीवर जाऊन बसले आणि म्हणाले, हेच घ्या. वरचा मजला, पश्चिमेची भिंत, सगळं तुमच्यासारखंच. आम्ही घेतलं.

मे महिन्यात रात्री अकरा वाजता त्या भिंतीला टेकवलेली उशी गरम लागायची. पंखा लावला की स्लॅबची धग खाली यायची. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते होरपळणारे नऊ दिवस, लागला आणि तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना ऊन लागलं. ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते, ताई. घरातल्या घरात लागलं. अंग तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही, आणि मला विचारत होते की शाळेची घंटा झाली का. पाणी मारत मारत दवाखान्यात नेलं. वाचले, पण आधीचे ते राहिले नाहीत. वर्षभरात आम्ही ते घर सोडलं. आता लक्ष्मीनगरात पहिल्या मजल्यावर राहतो, पश्चिमेला कडुनिंब आहे.

थंड मुलखातून आलेल्या माणसाचा घोळ इथेच होतो. शिमल्यात ऊन येणारी खोली म्हणजे चांगली खोली, आणि बावीस वर्षांत डोळ्यांना तीच सवय लागते. नागपुरात आम्ही सावली बघून घर घेतो.

शिमला सुमारे २,२०० मीटर उंचावर आहे आणि नागपूर ३१० मीटरच्या आसपास. दर हजार मीटर खाली उतरलं की साधारण साडेसहा अंश वाढतात, म्हणजे नुसत्या उंचीचाच बारा अंशांचा फरक झाला. शिवाय समुद्र दोन्ही बाजूंनी लांब आणि मे महिन्यात राजस्थानाकडून येणारं कोरडं वारं. ४३-४४ अंश आम्हाला नेहमीचे. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. तुम्ही नागपूर डिसेंबरात पाहिलं. तेव्हाचं नागपूर कोणालाही आवडेल, मलाही दर वर्षी नव्याने आवडतं, पण त्यावर घर ठरवू नका.

मग नागपूरला येऊच नये का? या की. रत्नागिरी मात्र यादीतून काढा. पारा तिथे फारसा चढत नाही, पण घाम वाळत नाही, आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी कोसळतं. चार महिने ओल. पुणे ५६० मीटरवर आहे, उन्हाळ्यातही रात्र बरी जाते. फक्त हवामानच बघायचं असेल तर तुमच्या यजमानांना पुणं मानवेल. पण तुमची माणसं वर्ध्याला आणि नागपूरला आहेत. साठीनंतर रात्री दोन वाजता फोन केला तर दारात कोण येईल, हे मी तापमानाच्या आधी बघते.

गुडघ्यांचं म्हणाल तर आखडणं कमी होईल, मूळ झीज काही भरून येणार नाही. आणि लोकरीचे कपडे सगळे वाटून टाकू नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश होते. इथल्या घरांत ऊब धरायची काही सोय नसते आणि मोझॅकची फरशी पायाला चावते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हाळ्यात त्याने अंगातलं पाणी आटतं. यायच्या आधी गोळी आणि तिचा डोस डॉक्टरांना दाखवून घ्या, मनाने बंद करू नका. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. मी सासऱ्यांना घड्याळ बघून पन्हं, ताक द्यायला फार उशिरा शिकले.

कूलरबद्दल नीट सांगते, कारण बाहेरून आलेले लोक तो एसीसारखा वापरतात. खोली गच्च बंद करतात, तासाभरात हवा दमट होते, अंग चिकचिक करतं आणि मग म्हणतात कूलर चालत नाही. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर हवा, त्याने बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून, म्हणजे त्याच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्यांतून, आत ओढायची, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायची, म्हणजे ओली हवा तिकडून निघून जाते. ताट्या दर वर्षी बदला. टाकीत पाणी भरताना बटण बंद करून पिन काढायचीच, दर उन्हाळ्यात इथे कूलरचा शॉक लागून माणसं जातात. अर्थिंग आधी तपासून घ्या. पाऊस लागला की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा टाकी कोरडी करून ठेवा, नाहीतर डासांची पैदास होते.

आणखी एक, मे महिन्यात दुपारी नळाला हात लावू नका. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पोळतं. आंघोळीच्या बादल्या पहाटेच भरून ठेवायच्या. खिडक्या-पडदे नऊच्या आत बंद, रात्री आठनंतर उघडायचे.

घर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, दार पूर्वेला किंवा उत्तरेला, पश्चिमेला झाड किंवा शेजारची इमारत. धरमपेठ, लक्ष्मीनगर, सिव्हिल लाइन्सकडे जुनी झाडं आहेत, पण भाव चढे. परवडत नसेल तर मेट्रोच्या जवळ बघा. स्टेशनांना लिफ्ट आहे, तुमच्या गुडघ्यांसाठी ती मोठी सोय. एम्सचं मोठं सरकारी रुग्णालय शहराच्या दक्षिणेला मिहान भागात आहे, तोही विचार ठेवा.

आता मे महिन्यात यजमानांनी रजा काढावी आणि दोघांनी तीन आठवडे येऊन राहावं. भाचीकडे नको, ती तुमची फार काळजी घेईल. एखादी खोली भाड्याने घ्या, भाजी स्वतः आणा, कूलर स्वतः भरा. निभलं तर सप्टेंबरात अकरा महिन्यांच्या करारावर या. शिमल्याचं घर तेवढे दिवस विकू नका.

आणि आलातच तर बेशाच्या त्या फ्लॅटमध्ये रात्री दहाला जा. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून बघा आणि मला कळवा.