प्रकाशाने विषारी होणारे रंग

प्रश्न : अन्ननलिकेच्या कर्करोगावर शिरेतून रंगद्रव्य टोचून नंतर लेझरचा प्रकाश सोडण्याचा एक उपचार आहे, असे वाचनात आले. रंगद्रव्ये तर असंख्य आहेत. मग या कामासाठी नवनवे रेणू का घडवावे लागतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्रकाश शोषणे कोणत्याही रंगाला जमते, शोषलेल्या ऊर्जेचे तो पुढे काय करतो, हे महत्त्वाचे. बहुतेक रंग ती उष्णतेच्या किंवा चमकेच्या रूपाने तत्काळ टाकून देतात. या उपचाराला मात्र ती थोडा वेळ धरून ठेवून शेजारच्या ऑक्सिजनच्या हवाली करणारा रेणू लागतो. त्यातून निर्माण होणारा सिंगलेट ऑक्सिजन (ऊर्जा मिळाल्याने अतिक्रियाशील झालेला ऑक्सिजन) पेशीला मारतो, पण तो इतका अल्पजीवी असतो की जिथे औषध आणि प्रकाश दोन्ही पोहोचतील तेवढ्याच जागी नुकसान होते. रेणूला ब्रोमीन किंवा आयोडीनसारखा जड अणू जोडल्यास हे काम अधिक चांगले होते. मात्र मग तो अंधारातही पेशींना अपाय करण्याची भीती असते.

दुसरी अडचण रंगाची. आपण वाचलेल्या उपचारासाठी अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळालेले फोटोफ्रिन हे औषध 400 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश सर्वाधिक शोषते, पण तो रक्तातच अडतो. म्हणून 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश वापरावा लागतो, जो फोटोफ्रिन जेमतेमच शोषते. फोटोफ्रिन ज्या रंगद्रव्यांच्या कुळातले आहे, त्या पॉर्फिरिनच्या कड्यासारख्या रेणूतील एक दुहेरी बंध कमी केला की लाल प्रकाशाचे शोषण बळावते, आणि 652 नॅनोमीटरला चालणारे टेमोपोर्फिन हे औषध याच युक्तीवर उभे आहे. अर्थात तरंगलांबी हवी तेवढी वाढवता येत नाही. साधारण 850 नॅनोमीटरच्या पुढे प्रकाशकणाची ऊर्जा सिंगलेट ऑक्सिजन घडवायला अपुरी पडते.

माझ्या मते रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न औषध शरीराबाहेर किती लवकर पडते हा आहे, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. फोटोफ्रिन त्वचेत रेंगाळते, त्यामुळे निदान 30 दिवस ऊन टाळावे लागते. सनस्क्रीनचा उपयोग नाही, कारण त्रास दृश्य प्रकाशाचा असतो. तरीही पूर्ण अंधारात बसायचे नसते. घरातल्या साध्या उजेडाने त्वचेतील औषध हळूहळू निकामी होते. युरोपात 2017 मध्ये कमी जोखमीच्या प्रोस्टेट कर्करोगासाठी मान्य झालेले पॅडेलिपोर्फिन 753 नॅनोमीटरला चालते आणि गाठीच्या रक्तवाहिन्या बंद पाडते. ते रक्तात असतानाच प्रकाश देतात आणि ते लवकर बाहेर पडते, म्हणून तिथे उजेडाचे पथ्य 48 तासांवर आले आहे.