तिच्या वहीतल्या प्रश्नाचं उत्तर आधी

पत्र: "मुलगी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणिताचा एक पेपर दोनदा राहिला, बाकी गुण साठ टक्क्यांच्या आसपास. डिग्री करून घे म्हणतो, तर ऐकत नाही. सुट्टीत फायर अलार्म बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे महिनाभर गेली आणि आता तेच शिकायचं म्हणते. हे वायरी ओढायचं काम, त्यात शिडीवर चढायचं. नातेवाइकांत काय सांगायचं? शिवाय एखादी वायर चुकीची जोडली गेली तर सगळ्या इमारतीत पाणी सुटेल आणि खापर हिच्यावर फुटेल. हा नाद कसा सोडवावा? ती कशात वेळ घालवते ते कळावं म्हणून तिच्या वहीचं पान सोबत जोडतो."

वहीच्या पानावर (पॅनल म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, डिटेक्टर म्हणजे धूर किंवा उष्णता ओळखणारं उपकरण, झोन म्हणजे एका लाइनवरचे डिटेक्टर, रेझिस्टर म्हणजे प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) लिहिलं आहे: "झोनच्या शेवटच्या डिटेक्टरमध्ये 4.7 किलोओहमचा रेझिस्टर लावतात. तोच पॅनलच्या टर्मिनलवर लावला तरी फॉल्ट जातो आणि दिवा हिरवा होतो. मग शेवटीच का लावायचा? विचारलं तर म्हणाले, तसंच असतं."

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पानापाशी थांबलो. नादाचा पुरावा म्हणून तुम्ही जे जोडलंत, तो या क्षेत्रातला पहिला खरा प्रश्न आहे. कामावर असलेल्या पुष्कळ जणांना तो पडत नाही. ते रेझिस्टर पॅनलमध्येच लावून, हिरवा दिवा दाखवून, सही घेऊन निघून जातात. तुमच्या मुलीला तिथे काहीतरी खटकलं. तुमच्या पत्रात नातेवाइकांची काळजी आहे, पण तिला काय येतं, काय जमतं, याबद्दल एक ओळही नाही. मला काळजी वाटली ती याची. गणिताच्या पेपरची नव्हे.

म्हणून आधी तिला उत्तर देतो, कारण "तसंच असतं" हे उत्तर नव्हे.

दारावरच्या घंटेची वायर कुठे तुटली तर ते कळतं कधी? पाहुणा बटण दाबून ताटकळतो तेव्हा. फायर अलार्मच्या बाबतीत असं चालणार नाही. इथे वायर तुटल्याचं आग लागण्याआधी, त्याच दिवशी कळलं पाहिजे. त्यासाठी पॅनल झोनच्या दोन तारांतून सतत थोडा प्रवाह सोडत असतो. 24 व्होल्ट आणि 4.7 किलोओहम म्हणजे साधारण 5 मिलिअँपिअर. त्यात प्रत्येक डिटेक्टर स्वतःसाठी जेमतेम 0.1 मिलिअँपिअर घेतो. हा प्रवाह पॅनलपासून निघून प्रत्येक डिटेक्टरच्या बेसमधून, म्हणजे तो ज्यात बसवतात त्या बैठकीतून, जातो, शेवटच्या रेझिस्टरमधून वळतो आणि परत येतो. तो ठरलेल्या मर्यादेत आहे तोवर सगळं ठीक. घसरला तर कुठेतरी तार तुटली, म्हणजे फॉल्ट. एकदम वाढला तर कुठला तरी डिटेक्टर किंवा कॉल पॉइंट (काच फोडून हाताने अलार्म देण्याची पेटी) चालू झाला, म्हणजे अलार्म. आता रेझिस्टर पॅनलच्या टर्मिनलवर लावला तर तो प्रवाह केबलमध्ये पाऊलही न टाकता तिथल्या तिथे परत येतो. मग पुढची केबल उंदराने कुरतडली, कुणी ड्रिल मारलं, बेसमधला स्क्रू सैल झाला, तरी पॅनल हिरवाच. रेझिस्टर जिथे असतो तिथपर्यंतचीच तार पॅनलला दिसते. तो शेवटी लावायचा तो एवढ्यासाठी.

हे कळलं की बाकीच्या बऱ्याच चुका आपोआप दिसायला लागतात. मधूनच फाटा काढून एखादा डिटेक्टर जोडला, तर तो फाटा पॅनलला दिसत नाही, कारण प्रवाह त्या बाजूला जाऊन परत येत नाही. येणारी आणि जाणारी तार न तोडता, नुसतं आवरण सोलून एकाच स्क्रूखाली अडकवली तर तेच होतं. ती तार स्क्रूमधून निसटली तरी लाइन अखंडच राहते आणि डिटेक्टर तेवढा मुका होतो. म्हणून तार तोडायची आणि येणारीला एक, जाणारीला दुसरं टर्मिनल द्यायचं. आणि एका झोनवर ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त डिटेक्टर का घालायचे नाहीत? चाळीस घातले तर 4 मिलिअँपिअर त्यांचेच झाले. शेवटचा रेझिस्टर निखळला तरी एवढा प्रवाह वाहत राहतो आणि पॅनलला वाटतं, अजून सगळं जागेवर आहे.

कॉल पॉइंटच्या आत 470 किंवा 680 ओहमचा आणखी एक रेझिस्टर असतो. तोही तिने उघडून पाहावा. काच फुटली की तो लाइनवर येतो आणि प्रवाह एकदम वाढतो. तो नसता तर कॉल पॉइंट दाबणं आणि दोन तारा एकमेकींना चिकटणं यात पॅनलला फरक करता आला नसता. जुने काही पॅनल शॉर्टलाही अलार्मच समजतात, नवे बहुतेक फॉल्ट दाखवतात. आपल्यासमोरचा पॅनल काय करतो हे त्याच्या मॅन्युअलमध्ये वाचायचं, गृहीत धरायचं नाही.

आता तुमच्या पाण्याच्या भीतीबद्दल. ही समजूत फार पसरलेली आहे आणि पडद्यावर एक अलार्म वाजताच साऱ्या मजल्यावर पाऊस पडताना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नेहमीच्या स्प्रिंकलरला विजेची तारच नसते. त्याच्या तोंडाशी द्रवाने भरलेली काचेची छोटी नळी असते. लाल रंगाची असेल तर ती सुमारे 68 अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी त्या एकाच तोंडातून येतं. शेजारचं तोंड तेवढं तापलं नसेल तर ते बंदच राहतं. अलार्मशी त्याचा संबंध आहे, पण उलट्या दिशेने. पाइपमधून पाणी वाहायला लागलं की फ्लो स्विच पॅनलला कळवतो. अपवाद आहेत. डेल्यूज नावाच्या प्रणालीत, जिथे सगळी तोंडं उघडीच असतात, व्हॉल्व्ह पॅनलच्या इशाऱ्यावर सुटतो. गॅस सोडून आग विझवणाऱ्या खोल्यांतही पॅनलच आज्ञा देतो, म्हणून तिथे सहसा दोन वेगळ्या झोनचे डिटेक्टर चालू झाल्याशिवाय गॅस सुटत नाही. नवशिक्याला अशा ठिकाणी एकटं सोडत नाहीत. तेव्हा एका चुकीच्या वायरीने साऱ्या इमारतीत पाणी, ही भीती काढून टाका. या कामातली खरी चूक बहुधा आवाज न करणारी असते, हिरव्या दिव्याआड लपलेली. आणि ती हेरणारी नजर कुणाकडे आहे, ते वहीच्या पानावर दिसतं.

वायरी ओढायचं काम, असं तुम्ही लिहिता. केबल ओढावी लागते हे खरं, पण कोणती आणि किती जाड हे आधी कागदावर ठरतं. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या एका तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे 12 ओहम. हूटरची, म्हणजे अलार्मच्या भोंग्याची, लाइन 200 मीटर असेल तर जाऊन-येऊन 400 मीटर, म्हणजे 4.8 ओहम. वीस हूटर, प्रत्येकी 25 मिलिअँपिअर, असा अर्धा अँपिअर प्रवाह. सगळे शेवटी आहेत असं धरलं तर 2.4 व्होल्ट वाटेतच गळतात. बॅटरी उतरून 21 व्होल्टवर आली असेल तर हूटरला 18.6 मिळतात. त्याची किमान गरज 18 असेल तर कसंबसं भागलं. आता पैसे वाचवायला कुणी 0.5 चौरस मिलिमीटरची तार घातली तर रोध तिप्पट होतो, 7 व्होल्टच्या वर गळती होते आणि हूटरला जेमतेम 14 उरतात. गंमत अशी की मेन्स, म्हणजे बाहेरून येणारी वीज, चालू असताना, चार्जर 27 व्होल्ट देत असताना, हीच लाइन चाचणीत पास होते. दगा देते ती वीज जाऊन बराच वेळ झाल्यावर. बॅटरीचा हिशेबही असाच. नेहमीचा प्रवाह 0.25 अँपिअर, तो 24 तास, म्हणजे 6. अलार्मचा 1.5 अँपिअर, अर्धा तास, म्हणजे 0.75. बेरीज 6.75, त्यावर पाव भाग जास्त धरून जवळजवळ साडेआठ अँपिअर-तास. इथे 7 ची जोडी चालणार नाही, 12 ची लागेल. दोन 12 व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की व्होल्ट दुप्पट होतात, अँपिअर-तास तेवढेच राहतात. या एका मुद्द्यावर डिग्रीवालेही चुकतात. किती तास धरायचे हे तिथलं मानक सांगतं, रीत हीच.

या हिशेबात गुणाकार आणि ओहमचा नियम यापलीकडे काही नाही. गणितात नापास झालेली मुलगी हे करू शकेल का, असा प्रश्न तुमच्या मनात असणार. करू शकेल. पण म्हणून तो पेपर सोडायचा नाही. डिप्लोमा अर्धवट राहिला तर पुढे पॅनल बनवणाऱ्या कंपनीचं प्रशिक्षण असो की डिझाइनचं काम, दार अर्धंच उघडतं. हे तिलाही स्पष्ट सांगतो.

आता तुझ्यासाठी. घरी किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये सरावाचा एक बोर्ड तयार कर. दोन झोनचा साधा कन्व्हेन्शनल पॅनल (वर सांगितला तसा, दोन तारांतला प्रवाह पाहणारा), दोन स्मोक डिटेक्टर, एक हीट डिटेक्टर, एक कॉल पॉइंट, एक हूटर, वीस-तीस मीटर केबल, दोन बॅटऱ्या आणि एक मल्टिमीटर. मेन्सची जोडणी जाणकार माणसाकडून करून घे, बाकी 24 व्होल्टवर तू स्वतः. आधी सगळं बरोबर जोड आणि झोनवरचा व्होल्टेज आणि प्रवाह लिहून ठेव. मग एकेक गोष्ट मुद्दाम बिघडव. डिटेक्टर बेसमधून फिरवून काढ. मधेच तार तोड. दोन तारा चिकटव. एक तार धातूच्या पेटीला टेकव. हूटरचे प्लस-मायनस उलटे लाव. दर वेळी पॅनल काय म्हणतो आणि मीटर काय म्हणतो, दोन्ही लिही. हूटरचा प्रयोग वगळू नकोस. नेहमीच्या वेळी पॅनल हूटरच्या लाइनवर उलटा व्होल्टेज ठेवून तिच्यावर पाळत ठेवतो, हूटरमधला डायोड तो अडवतो म्हणून तो गप्प असतो. अलार्मला पॅनल दिशा बदलतो आणि हूटर वाजतो. उलटा जोडलेला हूटर नेमका आगीच्या वेळी गप्प बसेल.

फॉल्ट शोधताना पॅनलकडून एकेक बेस उघडत जाऊ नकोस. लाइनच्या मध्यावरचा बेस उघड, पुढे जाणारी तार सोडव आणि तिथे तात्पुरता रेझिस्टर लाव. फॉल्ट गेला तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, राहिला तर मागच्या. उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. अर्थ फॉल्ट असेल, म्हणजे तार जमिनीशी जोडलेल्या धातूला टेकली असेल, तर झोन एकेक करून पॅनलमधून सोडव, ज्याच्याबरोबर फॉल्ट जाईल तो धर. आणि केबलला मेगर (जास्त व्होल्ट लावून तारेचं आवरण तपासणारा मीटर) लावण्याआधी सगळे डिटेक्टर उतरलेले, शेवटचा रेझिस्टर काढलेला, केबल पॅनलमधून सुटी. 500 व्होल्ट डिटेक्टरमध्ये गेले की त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स संपलं.

अ‍ॅड्रेसेबल पॅनल याच्यानंतर. तिथे प्रत्येक डिटेक्टरला पत्ता असतो, पॅनल एकेकाला विचारत राहतो, लाइन पॅनलमधून निघून पॅनललाच परत येते. शॉर्ट झाला तर आयसोलेटर तेवढा तुकडा वेगळा पाडतात. त्याचं प्रोग्रामिंग आकर्षक वाटतं आणि दोन दिवसांचे वर्ग त्यावरच चालतात. पण ज्याला दोन तारांतला प्रवाह कळत नाही, तो पडद्यावरचा संदेश वाचून डिटेक्टर बदलत बसतो.

डिग्री, नोकरभरतीच्या स्पर्धा परीक्षा, हे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत आणि ते पुढेही उघडे राहतील. "फायर सेफ्टी"चा एखादा झटपट कोर्स लावून तडजोड करू, असं मनात असेल तर आधी तिथे जाऊन पाहा की विद्यार्थ्यांच्या हातात मीटर दिसतो की फक्त हेल्मेट. शिडीचं म्हणाल तर ती या कामात लागते, मुलग्याला आणि मुलीला सारखीच. उंचीवर काम करण्याचं प्रशिक्षण आणि पट्टा ठेकेदाराने दिलाच पाहिजे. नेहमीच्या चाचण्या पुष्कळदा खालून लांब काठीला टेस्टरचा पेला लावून होतात. नातेवाइकांना सांगा की मुलगी फायर अलार्मची तंत्रज्ञ होते आहे. त्यांना पटलं नाही तर तो त्यांचा प्रश्न, तो तुम्ही तिच्या डोक्यावर ठेवू नका.

डिप्लोमा झाल्यावर त्या ठेकेदाराकडे पाठवणार असाल तर आधी स्वतः जाऊन एक विचारा: कमिशनिंगच्या (प्रणाली पहिल्यांदा चालू करून तपासण्याच्या) आणि फॉल्ट शोधण्याच्या दिवशी तिला पॅनलसमोर उभं करणार, की नुसती केबल ओढायला नेणार? "दोन वर्षांनी बघू" म्हणाला तर दुसरा ठेकेदार शोधा.