वर्दी फोटोपुरती नव्हती

प्रश्न : जेम्स स्टुअर्ट हा हॉलिवूडचा नट दुसऱ्या महायुद्धात खरोखर बॉम्बफेकी विमान चालवत होता का? आमच्या कट्ट्यावर एक मित्र म्हणतो, नट मंडळी वर्दी घालतात ती फोटोपुरती. एक किलो शेंगाचटणीची पैज लागली आहे.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पैज तुम्ही जिंकलात.

मित्राची शंका अगदीच वावगी नाही, तसे फोटो पुष्कळ निघाले. पण या गड्यानं १९३५ मध्येच हौसेनं विमान चालवायचा परवाना काढला होता. १९४० मध्ये सैन्याचं बोलावणं आलं, तर सव्वासहा फुटी काटकुळा वजनात नापास! खाऊनपिऊन पुन्हा काट्यावर उभा राहिला आणि मार्च १९४१ मध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला. ऑस्कर मिळून महिनाही झाला नव्हता. ती बाहुली वडिलांनी पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मांडली. (मधला मारुतीपाशी आमच्या वडिलांचंही खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं. माझं चित्रकलेच्या परीक्षेचं प्रशस्तिपत्र त्यांनी गल्ल्यामागे टांगलं होतं, म्हणून हे माझ्या पक्कं लक्षात राहिलं.)

वरिष्ठांनी त्याला बरेच दिवस शिकवण्याच्या कामावर अडकवलं. शेवटी नोव्हेंबर १९४३ मध्ये तो इंग्लंडमधल्या टिबेनहॅमच्या तळावर पोचला, तोही स्क्वाड्रनचा प्रमुख म्हणून. विमान बी-२४ लिबरेटर. चार इंजिनं, दहाएक माणसं. २० हजार फुटांवर तोंडाला ऑक्सिजनचा मास्क आणि आत हाडं गोठवणारी थंडी. आपण सोलापूरकर डिसेंबरात दोन चादरी घेऊनही कुडकुडतो!

ब्रेमेन, ब्रन्सविक, बर्लिन धरून त्याच्या अधिकृत मोहिमा २०. २४ फेब्रुवारी १९४४ ला त्याच्या ४४५व्या बॉम्ब ग्रुपची २५ विमानं गोथा शहरावर गेली, त्यातली १३ परतलीच नाहीत. त्या दिवशी तो त्यांच्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र फ्यूर्टच्या मोहिमेवर निघाला. आदल्या रात्री तळावरच्या रिकाम्या खाटा त्यानं पाहिल्याच असतील.

१९४५ मध्ये तो कर्नल झाला, १९५९ मध्ये राखीव दलात ब्रिगेडियर जनरल. १९६६ मध्ये, वयाच्या ५७व्या वर्षी, व्हिएतनामवर निघालेल्या बी-५२ मध्ये निरीक्षक म्हणूनही बसला.

आणि फोटोचं म्हणाल, तर युद्धानंतर त्यानं निर्मात्यांना अटच घातली, की माझी लढाईतली कामगिरी जाहिरातीत वापरायची नाही. एवढं मित्राला जरूर वाचून दाखवा.

चटणी मात्र उखळात कुटलेलीच मागा. मिक्सरची आणली तर परत पाठवा.